अठरावी घंटा

(चिंचणी. देवळामागची पत्र्याची शेड, दुपारचे चार. लोखंडी चौकटीला सतरा घंटा टांगलेल्या. खाली ओळीने सतरा लाटणी. लाटण्यावर मूठ मारली की तार ओढली जाते आणि वरची घंटा वाजते.)

समिधा: परत तेच झालं, काका. तिसऱ्या ओळीला बायका आरतीच्या सुरात वर चढतात आणि तुमच्या घंटा जिन्यावरून गडगडत खाली येतात.

कृष्णकांत: गडगडत नाहीत, मी उतरवतो. वर सूर नसला की तोच सूर खालचा घ्यायचा. बेल्जियममध्ये घंटांवर गाणी वाजवतात, तेसुद्धा घेतात. मी व्हिडिओ बघितलाय.

समिधा: ते अडलं तर घेतात. तुम्ही दर कडव्याला घेता. काल आरती सांगणारी माई एवढी गोंधळली की आरती सोडून सरळ प्रसादाला लागली.

कृष्णकांत: मग आपण अख्खी आरती खालच्या पट्टीत घेऊ.

समिधा: परवा घेतली होती की. सुरुवातच जमिनीखाली गेली. खालच्या घंटा संपल्या आणि तुम्ही जोशात चौकटीवर मूठ मारलीत. काकू अजून हळद लावतेय त्या हाताला.

कृष्णकांत: तुझी काकू लाटण्यांसाठी रडतेय, हातासाठी नाही.

समिधा: माझ्या ऑर्केस्ट्रातल्या कॅसिओला एकसष्ट पट्ट्या आहेत. लग्नातलं कुठलंही गाणं सांगा, बसतं. तुमच्याकडे सतरा. वाचलं मी, घंटांच्या अशा वाद्याला कॅरिलॉन म्हणतात, पण तेवीसच्या आत असतील तर म्हणतच नाहीत. कुठे तेवीस असतात, कुठे पन्नास, कुठे त्याच्याही वर. जेवढ्या घंटा तेवढंच गाणं. कमी असल्या की गाणं कापूनशिवून घ्यायचं.

कृष्णकांत: घंटा कुठून आणू? देवळात नवसाच्या एकशे बारा आहेत, पण माणसं शेजाऱ्याने दिली त्याच मापाची देतात. चाळीस घंटा एकाच सुराच्या निघाल्या. दोन वर्षं एकेक वाजवून बघितली, तेव्हा या सतरा वेगळ्या सापडल्या. त्यातली एक देवळाच्या कमिटीच्या अध्यक्षांची.

समिधा: ती बेसूर आहे.

कृष्णकांत: बेसूर आहे, पण अध्यक्षांची आहे.

मंजुळा: आणि माझी कुठं हाय?

समिधा: या, मंजुळामावशी. आज बोईसरच्या बाजाराला नाही गेलात?

मंजुळा: सुकट शेजारच्या तानीच्या सुपूर्द करून आले. उद्या पालखी, आणि सगळ्यांच्या घंटा वर टांगल्या, फोटो निघाले. मी माझी शोधत फिरते हाय. किसनभाऊ, माझी घंटा कुठं ठेवली?

कृष्णकांत: असेल. लहान होती ना ती? डब्यात आहेत तीन लहान.

मंजुळा: रंगाच्या डब्यात?

कृष्णकांत: धुतलेला आहे डबा.

मंजुळा: आणि हे काय चिकटवलं हाय तिच्यावर? समिधा, तू वाच. माझा चष्मा घरी हाय.

समिधा: 'मुकी' लिहिलंय.

मंजुळा: कोणी लिहिलं?

कृष्णकांत: मीच. कंपनीत खराब मालावर लेबल लावायची सवय. मंजुळाबाई, मनाला लावून घेऊ नका. घंटा वाजत नाही, नुसती टक करते. ओतणाऱ्याने फसवलं तुम्हाला.

मंजुळा: माझी दिशा पाच वर्षाची होईस्तोवर बोलली नाय. शेजारीपाजारी मुकी म्हणायचे, मास्तरपण म्हणायचा. मी देवीला बोलले, पोरीने तोंड उघडू दे, घंटा बांधीन. तिने उघडलं. आता सरावलीला भाड्याने राहते, दिवसभर कानाला फोन लावून गिऱ्हाईकांशी बोलायचा पगार घेते, घरी आली की मला बोलते. देवीने जरा जास्तच दिलं, पण दिलं. त्या घंटेवर तुमी हे लिहिलं?

कृष्णकांत: मला ठाऊक नव्हतं.

मंजुळा: मला राग आला हाय, किसनभाऊ. चांगलाच आला हाय.

समिधा: मावशी, जरा ती इकडे द्या. एका लाटण्याच्या तारेला अडकवून बघते.

कृष्णकांत: बघ, बघ. मार मूठ. ऐकलंस? लाकडाचा टक, बाकी काही नाही.

समिधा: काका, मस्करी करताय का?

कृष्णकांत: कसली मस्करी?

समिधा: ही वाजली. छान वाजली. आरती चढताना जिथे अडते ना, तोच सूर आहे हा.

मंजुळा: मला आली की ऐकू. वटवाघळासारखा कान नाय माझा, तरी आली.

कृष्णकांत: तुम्ही दोघी ठरवून आलात. मंजुळाबाईंची बाजू घेतेस तू.

समिधा: बरं, मग ठरवून आलो. तुम्ही भिंतीकडे तोंड करा. मी खालून वर एकेक वाजवते. ऐकू आली की हात वर करायचा. मावशी मोजतील.

कृष्णकांत: हे काय शाळेत आहे का? करतो, करतो. एकदा होऊन जाऊ दे. वाजव.

मंजुळा: एक, अध्यक्षांची. केला हात वर. दोन. तीन. सगळे बरोबर चाललेत. दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा. पंधरा.

कृष्णकांत: हं, पुढे चल.

मंजुळा: सोळा.

कृष्णकांत: वाजव ना. थांबलीस कशाला?

समिधा: सोळावी दोनदा वाजवली, काका. सतरावीही वाजवून झाली.

कृष्णकांत: तार निसटली असेल.

समिधा: तार जागेवर आहे.

कृष्णकांत: बघ नीट. सायकलच्या ब्रेकची वायर आहे, ढिली पडते.

मंजुळा: भाऊ, वळा इकडे. बसा त्या स्टुलावर.

समिधा: या दोन तुम्ही लावल्या कशा?

कृष्णकांत: आकार बघून. सोळावी पंधरावीहून लहान, सतरावी त्याहून लहान, म्हणजे सूर वरचा असणार, एवढं फिटरला कळतं. त्याहून लहान तीन उरल्या, तर दोन वाटा होत्या. एक तर त्या मुक्या, नाही तर मी बहिरा. मी त्यांच्यावर लेबल लावलं.

समिधा: म्हणजे माहीत होतं तुम्हाला.

कृष्णकांत: अर्धं माहीत होतं. टीव्हीचा आवाज तुझी काकू कमी करते आणि मी वाढवतो, एवढ्यात भागत होतं. चौतीस वर्षं बॉलमिलच्या शेजारी काढली. बॉलमिल म्हणजे लोखंडी गोळे भरलेलं पिंप, दिवसरात्र फिरायचं. कंपनी कानात घालायला बुचं द्यायची. आम्ही ती घरी आणायचो. माझ्या पाण्याच्या टाकीच्या भोकाला अजून एक आहे.

मंजुळा: टाकी गळत नाय ना, तेवढं तरी झालं.

कृष्णकांत: हसा. पण कमिटीला कळलं तर उद्या हे सगळं चिरागच्या ताब्यात देतील. अध्यक्षांचा भाचा तो, डीजे घेऊन तयारच बसलाय. म्हणतील, बहिरा माणूस घंटा वाजवतो. रिटायर झाल्यावर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, मंजुळाबाई. नारळ मोजायचे आणि घरात बायकोच्या मागे मागे फिरायचं. यातून मला उठवू नका. हात जोडतो.

मंजुळा: म्हणून तुमाला ऐकू येत नाय ते गावाने ऐकायचं नाय?

समिधा: मावशी.

मंजुळा: नाय, बोलू दे मला. बायांना आरती खाली ओढायला लावली. माईला प्रसादाला लावलं. माझ्या पोरीची घंटा डब्यात घातली. ते सगळं यांच्या कानाच्या मापाने.

कृष्णकांत: खरं आहे.

मंजुळा: खरं हाय तर ते चिटोरं काढा. तुमच्या हाताने.

कृष्णकांत: डिंक धरलाय. थांबा, नखाने काढतो. निघालं.

समिधा: डब्यातल्या उरलेल्या दोन, पंढरीची आणि माईची, त्या पण द्या. तिन्ही टांगू. वीस झाल्या. कॅरिलॉनला तीन कमी, पण आरतीला पुरतील. तिसऱ्या ओळीला आता सरळ वर जायचं, उतरायचं नाही.

कृष्णकांत: ऐकू न येता वाजवू कसं? नुसत्या लाकडावर मुठी मारायच्या?

समिधा: लग्नात बँडच्या गोंगाटात मला तरी माझा कॅसिओ कुठे ऐकू येतो? बोटं जातात जागेवर. तुमचा हात चुकत नाही, काका. पंधरावीपर्यंत तुम्ही मला हसायची संधी दिली नाही कधी.

कृष्णकांत: आणि कमिटी?

मंजुळा: माझी घंटा वर लटकली की मला कमिटीशी काय करायचं हाय? अध्यक्ष विचारतील तर सांगेन, आधी तुमची घंटा सुरात आणा. उद्या मी समोर खांबापाशी उभी राहते. वाजली की मान हलवीन. नाय वाजली तर शिवी देईन, ती तुमाला नक्की ऐकू येईल.

समिधा: झालं, बांधली, खाली काकूचं आणखी एक लाटणंही बसवलं. अठरावी मावशींची. काका, तार ताणून बघा आणि मारा.

कृष्णकांत: मारली.

मंजुळा: वाजली.

कृष्णकांत: परत मारतो. आता?

मंजुळा: वाजली. जरा कमी. आदळताय तुमी, टोचते कानाला.

कृष्णकांत: कशी वाजते?

मंजुळा: कशी म्हणजे? घंटेसारखी.

कृष्णकांत: तसं नाही. मला सांगा ना. कशी वाजते ती?

मंजुळा: दिशा पहिल्यांदा 'आये' बोलली ना, मी तव्यावर बोंबील टाकत होते. मागून आलं ते. एवढंसंच, बारीक. मी वळले, तर ती परत गप. मला वाटलं, मलाच भास झाला. तशी.

कृष्णकांत: मग हळू मारतो.