बेलबॉटमवरचं नाव

तुम्हाला बेलबॉटमची फॅशन आठवते ना? माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि निमोण्याच्या एका लग्नाला जायला आमच्या ह्यांना तशीच पॅन्ट हवी होती. मी त्यांच्या जुन्या काळ्या पॅन्टची गुडघ्याखालची शिवण उसवली आणि माळ्यावरच्या मोडक्या छत्रीचं कापड कापून दोन्ही पायांना त्रिकोणी कळ्या बसवल्या. छत्री सासऱ्यांची होती, पण टाकून दिलेली असेल असं मला वाटलं.

हे ती पॅन्ट झटकून, घालून ओट्यावर आले, तर सासरे त्यांच्या पायांकडे बघतच राहिले. छत्री कुणाशी बदलू नये म्हणून त्यांनी तिच्यावर पांढऱ्या दोऱ्यानं नाव घालून घेतलं होतं. धुळीत ते मला दिसलंच नव्हतं. आता उजव्या पायाशी स्पष्ट वाचता येत होतं, ‘सखाराम’.

“सूनबाई, बापाचं नाव लेकाच्या पायात घातलंस व्हय?”

“मामा, चुकलं माझं. आत्ता उसवते.”

“ऱ्हाऊ दे. लग्नात हरवला तर लोक घरी आणून सोडतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या छत्रीची त्यांना बाजाराची पिशवी शिवून दिली आणि नाव अगदी वर, बंदाजवळ घातलं.