मंडपातल्या दोघांची पुढची मागणी

आंदोलनाला तरुण येत नाहीत म्हणणाऱ्यांनो, मानोऱ्याकडचं आमचं साखळी उपोषण ऐका. मागणी रस्त्याची होती. बाकीचे पाळीपाळीनं बसायचे. आंदोलनाच्या पुढाऱ्याची मुलगी पल्लवी आणि तिच्या कॉलेजातला रोहित मात्र रोज. मी त्यांचा निर्धार बातमीत छापला. नंतर पाहतो तर बॅनरच्या आड मोबाईल, इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, दुसरं त्याच्या, आणि सिनेमा चालू!

शेवटी तहसीलचे साहेब लेखी आश्वासन आणि लिंबूपाणी घेऊन आले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. या दोघांचे चेहरे पडले.

पल्लवी कडाडली, "बाबा, कागदावर कायले भरोसा ठेवता? रस्ता झाल्याबिगर उठायचं नाही!"

बाप हरखला. "पाहा पत्रकार, पोरगी माह्यावर गेली!"

तरी उपोषण सुटलंच. पल्लवी हळूच माझ्याकडे आली. "काका, घरी रोहितचं नावबी काढता येत नाही मले. आता भेटू कुठं? दुसरी एखादी मागणी सांगा ना."

मागण्यांना काय तोटा? मी वर्षानुवर्षं छापतोय, कोणी ढुंकून पाहत नाही! म्हटलं, "बसथांब्याचं छप्पर घे. तुमचं लग्न होईल, पण ते छप्पर होणार नाही."

सोमवारी मंडप पुन्हा उभा राहिला. सतरंजी बापानंच टाकली आणि हाक मारली, "ये रे रोहित, तुह्याबिगर आंदोलन होत नाही!"