मिठाचा धोंडा

यजमान गेल्याचा फोन आला, त्या सकाळी मी भेंडी चिरत होते. पुढच्या धावपळीत त्यांच्या काचेच्या टाकीतल्या दोन समुद्री माशांसाठीच्या मिठाची बादली उघडीच राहिली, आणि पावसाळी हवेनं मिठाचा धोंडा झाला. टाकीचं पाणी तर बदलायलाच हवं होतं. मीठ विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, "फेकून द्या."

कुंडल गावी ऊस पिकवणारे माझे धाकटे दीर हसले. "आवं वैनी, आमचा युरिया दर पावसाळ्यात असाच गोठतो. म्हणून कोण तो फेकून ऊस वाळवतं व्हय?"

त्यांनी धोंडा पोत्यात घालून फोडला. मी मीठ पूर्ण विरघळवलं, खारटपणा मोजला. अगदी बरोबर! टाकीचं पाणी बदललं, तसे दोन्ही मासे खाण्यावर तुटून पडले. दुकानदाराला मुद्दाम कळवलं, "फेकलं नाही हो!"

उरलेलं मीठ आता घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. यांनी माशांना नावं दिली होती. ती विचारायची राहून गेली.