चारशे मोहरांची बिदरी डबी

नाव: त्रिवेणी मिलिंद जगताप. वय: ६४ वर्षे. धंदा: घरकाम, पूर्वी शाळेत ग्रंथपाल. राहणार: नल्लकुंटा, हैदराबाद.

विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे शिक्षण कॉन्व्हेंटात झाले, पण घरी आम्ही मराठीच बोलत आलो, म्हणून जबाब मराठीत घ्यावा अशी विनंती केली. हवालदार एकनाथराव यांचे आजोळ मराठी असल्याने तेच लिहून घेत आहेत. हीच हकीकत मी सकाळी ठाण्यातल्या साहेबांना एकदा तोंडी सांगितली आहे.

माझे पती मिलिंद पुण्याचे, नोकरीनिमित्त इकडे आले. रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा एक खेळ चाले. ते गोष्ट सांगत. बाकीचे त्या गोष्टीतली माणसे होत, कुणी तलवारबाज, कुणी वैदू. वार लागला की हुकला हे फासे ठरवत. हवालदारांनी विचारले म्हणून सांगते, हा जुगार नव्हे. पैसे लावले जात नसत. चहा-बिस्किटे माझी असत.

खेळणाऱ्यांपैकी रितेश बिरादार हा कोठी भागातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तक्रार त्याच्यावर आहे.

मिलिंद यांचा हात सढळ होता. प्रत्येक गुहेत खजिना, प्रत्येक राक्षसाच्या उशाला पेटारा. मोहरा म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले पितळी वॉशर वापरत. ज्याचे ओझे त्याने वाहायचे, असा नियम होता, त्यामुळे सगळे खिसे जड करून बसत. एक दिवस ते मला म्हणाले, "त्रिवेणी, सोनं फार झालंय यांच्याकडे. आता कशालाच भीत नाहीत. तू दुकान काढ."

मी दुकान काढले. शाळेच्या जत्रेत सिस्टरांनी मला मिठाईचा स्टॉल दिला होता, तेव्हा शिकवले होते की सगळा माल एकदम मांडू नये आणि लावलेला भाव मोडू नये. मी तसेच केले. महिन्यातून एकदा बाजार. थोडाच माल, आणि तो खरा, हातात घेता येणारा. इत्राची रिकामी कुपी म्हणजे औषध. गंजलेली किल्ली म्हणजे कुठलेही दार. खरेदीवर एक वेलची कोसरू, म्हणजे वरती फुकट. विकत घेतलेली वस्तू घरी न्यायची आणि पुढच्या खेळाला सोबत आणायची. आणली नाही तर गोष्टीतही ती जवळ नाही, असे धरायचे.

माझी आई तारामती हिची एक बिदरी, म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी असलेली, सुपारीची डबी होती. मिलिंद यांनी ती मांडायला लावली. तिच्यात ठेवलेले काही शिळे होत नाही, असा तिचा गुण त्यांनी सांगितला. मी भाव चारशे मोहरा लावला. ती कुणी घेऊ नये म्हणूनच लावला होता.

रितेश दर बाजारी यायचा, डबी उघडून बघायचा. "काकू, जरा कमी करो ना."
"नक्को."
"दोनशे नगद देतो."
"दोनशेत झाकण मिळेल."
मिलिंद हसायचे. रितेशने बाकी काही घेतले नाही. तलवार मोडली तरी नवी घेतली नाही. शेवटी एका बाजाराला त्याने वॉशरनी भरलेली तांदळाची पिशवी टेबलावर उपडी केली. मी वॉशर मोजून घेतले आणि डबी दिली. कोसरूची वेलची दिली.

त्याच आठवड्यात मिलिंद वारले.

त्यानंतर खेळ झालेला नाही. रितेश आधी शनिवारी फोन करायचा, "काकू, उद्या?" मी "बघू" म्हणायचे. पुढे त्याने विचारणे बंद केले. माझ्या आजारपणात औषधे मात्र तोच आणून देत असे.

माझा मुलगा कुलदीप कुकटपल्लीला राहतो. मी तिकडे यावे, म्हणून तो सामान बघायला आला होता. आजीची डबी दिसेना, म्हणून त्याने विचारले. आमचे बोलणे असे झाले.
"रितेशकडे आहे."
"कशी काय?"
"विकली."
"आई, केवढ्याला?"
"चारशे मोहरांना."
तो खुर्चीत बसला. मी पिठाच्या डब्यातले वॉशर आणून दाखवले. त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. एकट्या, वय झालेल्या बाईला फसवून ऐवज नेला, अशी तक्रार त्याने त्याच दुपारी दिली. त्याची काळजी खोटी नाही. पण मला सगळे नीट आठवते आहे, हे नमूद करावे.

आज रितेशला दुकानातून, मालकासमोर, येथे आणले. डबी त्याच्या पिशवीतच होती, चष्मा पुसायच्या फडक्यात गुंडाळलेली. रविवारी बोलावणे येईल म्हणून ती जवळच ठेवतो, असे त्याने सांगितले. चांदी काळी पडलेली नव्हती. पंचांसमोर उघडली तेव्हा आत वेलची होती. ती त्याने का खाल्ली नाही, हे मी विचारले नाही.

डबी माझ्या ताब्यात द्यावी का, असे साहेबांनी विचारले. ती माझी नाही. विकलेला माल मी परत घेत नाही. ती रितेशला द्यावी आणि त्याला आजच दुकानात परत जाऊ द्यावे. मालकाशी मी स्वतः बोलेन. चोरी झालेली नाही.

जबाबाला आत येताना बाहेर बाकावर कुलदीप आणि रितेश शेजारी बसले होते. मी रितेशला म्हटले, "रविवारी ये. डबी आण."
तो म्हणाला, "काकू, गोष्ट कोण सांगणार?"
मी म्हटले, "आधी बाजार तर भरू दे."
कुलदीपने विचारले, "किती वाजता?"

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. 'मोहरा' या शब्दापाशी ते थांबले आणि रुपये लिहू का, असे म्हणाले. आहे तेच राहू द्या, असे मी सांगितले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे, म्हणून खाली सही करते.

त्रिवेणी मि. जगताप