फुफीचे सात चिंचोके

मी मॅट्रिकपर्यंत कशी शिकले, विचारता? माझ्या फुफीच्या, म्हणजे अब्बांच्या बहिणीच्या, चिंचोक्यांमुळं.

हजला ती मला बोटीनं सोबत घेऊन गेली होती. काब्याभोवती सात फेरे घालताना प्रत्येक फेऱ्याला ती एक चिंचोका उजव्या मुठीतून डाव्या मुठीत घ्यायची. चार झाले आणि नमाजसाठी सगळे थांबले.

"आता परत पहिल्यापासून? माजे गुडघे न्हाई चालायचे," फुफी रडवेली झाली.

सोबतचे मौलवी म्हणाले, "झालेले चार कुठं जात नाहीत, आपा. राहिलेले तीन करा."

गेवराईला परतल्यावर अब्बा मला म्हणाले, "चार महिने शाळा बुडली. आता राहू दे."

फुफीनं त्यांच्यापुढं चार चिंचोके मांडले. "हिच्या चार इयत्ता झाल्यात, भाईजान. पाचवा तुमी ठेवा."