पेजेचा डबा रिकामा करून परत दिल्याबाबत

मी, पायल संघपाल गजभिये, वय २४ वर्षे, व्यवसाय स्टाफ नर्स, राहणार मनीषनगर, नागपूर, मूळ राहणार खापा, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात दीड वर्षापासून काम करते. रुग्ण रुपराव ढोके, वय ६१, राहणार खापरखेडा, हे सहा दिवसांपासून तेथे व्हेंटिलेटरवर होते. त्यांची पत्नी अंजनाबाई व मुलगा रोशन बाहेरच्या बाकावर असत. नातेवाईकांना दिवसातून एकदाच पाच मिनिटे आत सोडतात. बाकी वेळी नर्सने दार थोडे उघडून बोलायचे, असा नियम आहे. अंजनाबाई मलाच विचारत. "तू शिकलेली हायेस वं माय, डॉक्टरचं मले समजत नाही. काय असन ते सांगत जाय," असे म्हणत. मी हो म्हणत असे.

काल सकाळी ११.३५ वाजता डॉ. पुष्कर देशकर यांनी रुपराव मयत झाल्याचे सांगितले. नोंद मी केली. डॉक्टर म्हणाले, "बाहेर वीसेक माणसं जमली आहेत. बंदोबस्त येईपर्यंत कोणी काही बोलायचं नाही." मागच्या महिन्यात दुसऱ्या एका रुग्णाच्या नातेवाईकांनी एका डॉक्टरचा हात मोडला होता, हे खरे आहे. तेव्हाही मी ड्युटीवर होते.

१२.२० वाजता बेल वाजली. अंजनाबाईंनी नळीतून द्यायची तांदळाची पेज स्टीलच्या डब्यात आणली होती. म्हणाल्या, "कोमट हाये, आत्ताच दे वं. मीठ कमीच टाकलं. बुढा घरी असता त डबा फेकूनच देल्ला असता." त्या हसल्या. मी डबा घेतला. "जागे हाये काय?" असे त्यांनी विचारले. मी सांगितले, "झोपले आहेत."

१२.४५ वाजता पुन्हा बेल वाजली. "डबा दे, धुऊन ठेवतो. संध्याकाळी लागन." मी आत जाऊन पेज बेसिनमध्ये ओतली व रिकामा डबा दिला. त्यांनी डब्यात पाहिले. "सगळी गेली?" मी मान हलवली. दार लावताना त्या मुलाला म्हणाल्या ते मी ऐकले, "रोशन, सगळी गेली गा पेज. आता उतरते तुया बाप खाटेवरून."

१.१५ वाजता पोलीस आल्यावर डॉक्टरांनी बाहेर येऊन मृत्यू व त्याची वेळ सांगितली. रोशन यांनी मोबाईलमध्ये वेळ पाहिली. नंतर मला विचारले, "सिस्टर, पावणेएकले पेज कोणाले देली?" "बोल न वं!" असे ते ओरडले. डॉक्टर मध्ये आले. रोशन यांनी त्यांना ढकलले. डॉक्टर भिंतीवर आदळून त्यांचा चष्मा फुटला. रोशन यांनी खुर्ची उचलून दाराची काच फोडली. हे मी स्वतः पाहिले आहे. अंजनाबाई बाकावरून उठल्या नाहीत. डबा त्यांच्या मांडीवर होता.

रुग्णालयाने मला टाइप केलेला जबाब दिला आहे. त्यात नातेवाईकांना ११.४० ला कळवले होते व रोशन यांनी विनाकारण हल्ला केला, असे आहे. माझ्या घरात शाळेत गेलेली मी पहिलीच. वडिलांना वाचता येत नाही. ते फोनवर म्हणाले, "सही करून टाक वं, नोकरी जाईन." मी कागद दोनदा वाचला. सही केलेली नाही. कागद हजर करीत आहे.

हा जबाब लिहून झाल्यावर तो लिहून घेणाऱ्या पोलीस मॅडमनी वाचून दाखवला. त्यात 'डॉक्टरांच्या आदेशावरून डबा रिकामा केला' असे आले होते. मॅडम म्हणाल्या, "राहू दे न वं, तुझ्याच बाजूचं हाये." मी ते खोडायला सांगितले. डॉक्टरांनी फक्त बोलू नका म्हटले होते. डबा भरलेला परत दिला असता तर अंजनाबाईंना तिथेच समजले असते. तो मी माझ्या मनाने रिकामा केला. खोडलेल्या ओळीसह जबाब मी स्वतः पुन्हा वाचला. तो मी सांगितला तसाच आहे.