उभा ऊस

(१९९८ सालचा माघ. तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारातलं गुऱ्हाळ. गूळ निववायच्या वाफ्यात, म्हणजे उथळ हौदात, ओतलेल्या गुळाशी कोंडिबा आणि त्याची लेक सुलक्षणा.)

सुलक्षणा : किती ढवळाल, आबा? हा गूळ घट्ट व्हायचा न्हाई आता.

कोंडिबा : व्हईल. हवा गार हाय. सांजपातूर धरंल.

सुलक्षणा : बोट लावून बघा की. तार येतीय, पण कणी न्हाई. ऊस कवा तोडला होता?

कोंडिबा : काल.

सुलक्षणा : चिपाडाला आंबूस वास येतोय. कालच्या उसाला असा येत न्हाई.

कोंडिबा : मग परवा आसंल. म्हाताऱ्याला वार ध्यानात ऱ्हात्यात व्हय?

सुलक्षणा : कारखान्याच्या लॅबमध्ये आम्ही रस निळ्या औषधात उकळून बघतो. ऊस जितका शिळा, तितकं औषध विटकरी होतं. आणणारा मग काय का सांगंना.

कोंडिबा : बरं झालं, औषध संगं आणलं न्हाईस.

सुलक्षणा : आबा.

कोंडिबा : पर मला सांग, चुना घातला, भेंडीचं पाणी घातलं, मळी काढली. माझ्या हातनं ऱ्हायलं काय?

सुलक्षणा : करण्यात काय चुकलं न्हाई. उसातली साखर म्हणजे दोन लहान साखरा एकमेकीला जोडलेल्या. एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज. जोडी शाबूत असली तर कणी पडते, ढेप धरते. ऊस तोडून ठेवला की आंबायला लागतो, त्यातलंच पाणी जोडीच्या मधे शिरतं आणि दोघी सुट्या होतात. मग सगळी काकवी.

कोंडिबा : गोड तर लागतंय. उलट ज्यादा.

सुलक्षणा : फ्रुक्टोज गोडच असतं जास्त. पण ढेप होणार न्हाई.

कोंडिबा : आनखी चुना घातला तर जुळतील परत?

सुलक्षणा : चुन्यानं फुटायचं थांबतं. फुटलेलं जुळत न्हाई. ते उभ्या उसाच्या पानालाच जमतं, उन्हात. आता खरं सांगा, तोडला कवा?

कोंडिबा : चरकाचं इंजिन बिघडलं व्हतं गं.

सुलक्षणा : तुमचा गुळव्या भिमा तर म्हणाला, सकाळी एका हँडलात चालू झालं.

कोंडिबा : भिमाला नको तिथं बोलायची खोडच हाय.

सुलक्षणा : शनिवारी तोडलात ना? त्याच दिवशी सोपानरावांच्या दुकानात मी फोन केला, ऐतवारी येते म्हणून. आज गुरुवार.

कोंडिबा : पहिली काहील व्हती. तुझी आई पहिला गूळ चुलवणाला द्यायची, मगच आपण वाफ्यात वतायचो. ती गेली, तवापासनं तू देतीस. ऐतवारी आली न्हाईस, म्हणलं सोमवारी येईल. मग मंगळवारी. तुझ्या कारखान्याकडनं यवतची जीप यायच्या वक्ताला फाट्यावर जाऊन हुभा ऱ्हायचो.

सुलक्षणा : सीझन आहे, आबा. बदलीवरची केमिस्ट आलीच न्हाई. सांगायला परत फोन लावला, तर दुकान बंद. तुम्ही सुरू करायचं होतं.

कोंडिबा : एकट्याचं मन होईना, पोरी. घरात एकटा, रानात एकटा. निदान पहिल्या काहिलीपाशी तरी घरचं कुणी आसावं.

सुलक्षणा : क्वार्टरमध्ये मी पण एकटीच जेवते. ताट भिंतीकडं करून.

कोंडिबा : हे कवा बोलली न्हाईस.

सुलक्षणा : दुकानातल्या फोनवर काय बोलणार?

कोंडिबा : बरं, डोळं पूस. बरणी आण. काकवी झालीय तर काकवी ने. भाकरीसंगं खा.

सुलक्षणा : नेते. पण पुढच्या साली मी येते म्हणाले तरी थांबायचं न्हाई. तोडला की गाळायचा.

कोंडिबा : आन् तोडलाच न्हाई तर?

सुलक्षणा : म्हणजे?

कोंडिबा : उभ्या उसातली साखर फुटती का?

सुलक्षणा : न्हाई. उन्हाळा लागेपर्यंत तरी टिकतो.

कोंडिबा : मग उभाच ठिवीन. तू सवडीनं ये.